कुत्रा गाडीत, बिऱ्हाड मागे: नागपूर ते तामिया

निघण्याआधीचा दिवस

नागपूरहून मध्य प्रदेशातल्या तामियाला जायचं, दोन कुत्रे सोबत घेऊन आणि गाडीमागे राहण्याचा ट्रेलर जोडून. पहिली गोष्ट: कुत्रा चालत्या ट्रेलरमध्ये बसवायचा नाही. एवढं एक पक्कं केलं की बाकीचं सामान, वजन, वेळ आणि थांबे आपोआप ठरत जातात.

कारण साधं आहे. ट्रेलरच्या स्प्रिंगा माणसासाठी बनवलेल्या नसतात. अॅक्सलच्या मागे बसणारा दणका गाडीतल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. आत एसी नाही, खिडक्या बंद, आणि आत काय चाललंय ते ड्रायव्हरला दिसत नाही. शिवाय वजनाचा हिशेब वेगळाच. या प्रवासातला ट्रेलर एका अॅक्सलचा, भरल्यावर सुमारे ७०० किलोचा, आणि त्याच्या नाकाचा म्हणजे कपलिंगचा गाडीच्या मागे जोडणीसाठी बसवलेल्या गोळ्यावर म्हणजे बॉलवर पडणारा भार ६५ किलो. बॉलपासून अॅक्सल तीन मीटरवर आहे. आत ३० किलोचा लॅब्राडोर मोकळा सोडला आणि तो अॅक्सलच्या सव्वा मीटर पुढे जाऊन बसला, तर नाकावरचा भार साडेबारा किलोने वाढतो. उठून तेवढाच मागे गेला की तेवढाच घटतो. म्हणजे ७७ वरून थेट ५२. नाक असं हलकं झालं की ट्रेलर डोलायला लागतो, आणि वेग जितका जास्त तितका तो आवरणं कठीण. डोललाच तर ब्रेक मारायचा नाही. अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं.

नाकाचा भार मोजायला खास यंत्र लागत नाही. घरचा वजनकाटा जमिनीवर ठेवून, वर लाकडी ठोकळा उभा करून कपलिंग त्यावर टेकवायचं. ठोकळ्याची उंची अशी घ्यावी की ट्रेलर समतल राहील, आणि चाकांना आधी ओट (पुढेमागे सरकू नयेत म्हणून दगड किंवा पाचर) लावावी. एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के भार आला की ठीक. कमी भरला तर पाण्याचे कॅन पुढे सरकवायचे, जास्त झाला तर मागे. पण ट्रेलरच्या पार शेपटाला जड काही ठेवायचं नाही.

सोबत दोन जीव आहेत. एक ३० किलोचा लॅब्राडोर, दुसरी १४ किलोची गावठी कुत्री. लॅब्राडोर क्रेटमध्ये आणि गावठी मागच्या सीटवर हार्नेसमध्ये, असं वाटप केलं आहे. क्रेट १०७ बाय ७१ सेंटिमीटरचा, लोखंडी जाळीचा, जवळपास १५ किलोचा. त्यात कुत्र्याला उभं राहता यावं, वळता यावं आणि कुशीवर आडवं होता यावं. त्याहून मोठा क्रेट घेतला तर वळणावर कुत्रा आत घसरत राहतो. तिसरी रांग पाडून क्रेट मधल्या सीटच्या पाठीला अगदी चिकटवला आहे, कारण तो जितका मागे तितका मागच्या अॅक्सलवर ताण. कुत्रा ३०, क्रेट १५, नाक ६५ असे ११० किलो गाडीच्या शेपटीला लागतात आणि पुढची चाकं हलकी होतात. रात्री समोरचे लोक डीपर मारायला लागले तर समजावं की गाडी मागून बसली आहे आणि हेडलाइट आभाळाकडे बघतायत. मागच्या टायरची हवा दारावरच्या तक्त्यात पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्याला भरून घ्यावी.

क्रेट जमिनीतल्या कड्यांना दोन रॅचेट पट्ट्यांनी बांधायचा. बंजी कॉर्ड चालत नाही, ती ताणली जाते. ताशी ५० किलोमीटरच्या वेगातली गाडी धडकून अर्ध्या मीटरात थांबली तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण वीसपट जोर येतो. म्हणजे आपला लॅब्राडोर त्या क्षणी ६०० किलोचा. म्हणूनच गावठीलाही गळ्यातल्या पट्ट्याने बांधायचं नाही, छातीवर रुंद पट्टा असलेल्या हार्नेसला बांधायचं. त्याची दोरी सीटबेल्टच्या कुलपात अडकते. दोरी एवढीच हवी की तिला बसता-झोपता येईल, पण पुढच्या दोन सीटांच्या फटीपर्यंत पोचता येणार नाही. पुढच्या सीटवर कुत्रा नको, तिथे एअरबॅग आहे.

आणखी एक गोष्ट घरच्या अंगणातच तपासावी. ट्रेलर जोडल्यावर डिकी पूर्ण उघडते का? बऱ्याच गाड्यांत ती ट्रेलरच्या जॉकी व्हीलच्या (नाकाजवळच्या, वर-खाली होणाऱ्या छोट्या चाकाच्या) दांड्याला अडते. मग क्रेटचं दार मागे असून काही उपयोग नाही, संकटात कुत्रा बाहेर काढता येणार नाही. दोन दारांचा क्रेट घेऊन दुसरं दार मधल्या सीटच्या बाजूला ठेवलं की हा प्रश्न मिटतो. आणि हवा लागावी म्हणून डिकी अर्धी उघडी ठेवून चालवणं तर साफ चूक. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो.

कागदांचं म्हणाल तर १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्यासाठी पशुवैद्याचं प्रवासयोग्यतेचं प्रमाणपत्र सांगितलं आहे. घरच्या गाडीत ते सहसा कोणी मागत नाही. तरी दुसऱ्या राज्यात आपला कुत्रा कोणाला चावला तर रेबीज लसीच्या नोंदीवाचून बोलायला जागा उरत नाही. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, खासगी डॉक्टरही पुष्कळ आहेत. मात्र लस दोन-तीन आठवडे आधीच टोचलेली हवी, आदल्या दिवशी टोचून काही साधत नाही. गोचिडांची गोळीही याच भेटीत घ्यावी. फ्लुरालानरची गोळी १२ आठवडे चालते, अफॉक्सोलानरची महिनाभर. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण या गटातल्या औषधांनी फिट उद्भवू शकते. भूल आणणारी गोळी मात्र मागू नये. तिने रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते, आणि कुत्रा शांत दिसला तरी भीती आतच राहते.

पाणी घरचंच न्यायचं. कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे लॅब्राडोरला दीड ते पावणेदोन लिटर, गावठीला पाऊण लिटर. धावपळ झाली की दुप्पट धरा. २० लिटरचा एक कॅन निव्वळ कुत्र्यांसाठी ठेवला की पाणी बदलून होणारी हगवण टळते. खाणंही रोजचंच. प्रवासात नवा ब्रँड आजमावू नये.

दिवस पहिला: नागपूर ते छिंदवाडा, सुमारे १३० किलोमीटर

महिना डिसेंबरचा. विदर्भात कुत्र्यासोबतचा ट्रेलरप्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावा. मार्चच्या मध्यापासून नागपूरचं ऊन माणसाला सोसत नाही, तर ज्याला घाम जवळजवळ येतच नाही त्या प्राण्याचं काय बोलायचं. श्रावणात नागपंचमीच्या आगेमागे आणि महाशिवरात्रीलाही हा रस्ता टाळलेला बरा. पचमढीच्या नागद्वार आणि महादेवाच्या यात्रेला विदर्भातून गाड्या भरभरून जातात आणि घाटात मागे ट्रेलर असलेल्याला जागा सापडत नाही.

निघायची वेळ सकाळी साडेसहा. शेवटचं जेवण रात्री आठला झालेलं आहे. ज्या कुत्र्याला गाडी लागते त्याचं पोट निदान चार-सहा तास रिकामं हवं. पाणी निघेपर्यंत द्यायला हरकत नाही. ओठ चाटत राहणं, वरचेवर जांभया, तोंडातून लाळेची तार ही उलटीची पूर्वसूचना. माणसाच्या गोळीचा अर्धा तुकडा देण्याचा घरगुती सल्ला ऐकू नये. मॅरोपिटंट नावाचं कुत्र्यांसाठीचं औषध आहे, ते डॉक्टरांनी वजनावरून ठरवून द्यावं आणि निघण्याच्या किमान दोन तास आधी पोटात जावं.

ट्रेलर जोडताना क्रम चुकवू नये. आधी दोन्ही कुत्रे आपापल्या जागी बंद, मगच गाडी मागे घ्यायची. गाडी मागे घेताना पायात घुटमळणारा कुत्रा ड्रायव्हरला कुठल्याच आरशात दिसत नाही. त्यानंतर कपलिंग बॉलवर बसवून खटका लागला का ते पाहायचं, जॉकी व्हीलने नाक वर उचलून बघायचं (गाडीची शेपटीही सोबत उचलली गेली तर पकड पक्की), सुरक्षा साखळ्या खालून एकमेकींना छेद देऊन अडकवायच्या, दिव्यांची पिन जोडायची, जॉकी व्हील पूर्ण वर घ्यायचं.

मानकापूर, कोराडी मागे टाकून सावनेरला पहिला थांबा. इथे उतरण्याचं मुख्य कारण कुत्रा नव्हे, ट्रेलर. तीस-पस्तीस किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळायचे आणि हबजवळ म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्यायचा. एक हब दुसऱ्यापेक्षा फार तापला असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय. तेवढ्यात कुत्र्यांचा फेरफटका होतो. नियम एकच: आधी पट्टा हातात, मग दार. घाईत दार आधी उघडलं की समोरच्या ढाब्यावरची पाच-सहा कुत्री दिसताच आपला कुत्रा उडी टाकतो, आणि ट्रक काही थांबत नाही. ढाब्याच्या टोकाला, वर्दळीपासून दूर गाडी लावावी. उतरण्याआधी मिनिटभर आतूनच बघावं की तिथली कुत्री किती आहेत, कुठे बसली आहेत.

तर्री पोहे माणसांनी खावेत. कुत्र्याला त्यातला घासही नको. कांदा-लसूण त्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि शिजवल्याने किंवा तळल्याने ते विष जात नाही. याच न्यायाने सावजी रस्साही बाद, आणि त्यातली शिजलेली हाडं तर दुप्पट बाद. ती चावताना सुरीसारखी चिरफळतात. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडाला बाधतात. संत्र्याच्या दोन-तीन फोडी सोलून, बिया काढून दिल्या तर काही बिघडत नाही. पण सावनेर-सौंसर पट्ट्यात बागेतल्या नळीचं किंवा हौदाचं पाणी पिऊ देऊ नये, तिथे खत आणि फवारणीचं औषध मिसळलेलं असू शकतं.

कोणी म्हणेल, डिसेंबर आहे, चहापुरतं गाडीत ठेवलं तर काय होतं? बाहेर २४ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत १० मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंश होतात. काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. म्हणून पाळीपाळीने चहा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ असतं. ४० च्या वर गेलं की सावध व्हायचं, ४१ म्हणजे जिवाशी गाठ. अशा वेळी सावलीत नेऊन अंगभर साधं पाणी ओतायचं, पंखा किंवा वारा द्यायचा, आणि तापमान ३९.५ ला आलं की पाणी थांबवायचं. गुदद्वारात लावायचा डिजिटल थर्मामीटर म्हणूनच पेटीत हवा. पग, शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत हे सगळं फार लवकर घडतं.

सौंसरपर्यंत लोक मराठीतच विचारतात, "चावते का हो?" पुढे रामाकोना ओलांडलं की सिल्लेवानी घाट लागतो. चढताना अडचण इंजिनची, उतरताना ब्रेकची. उतारावर आधीच दुसऱ्या गिअरमध्ये यायचं आणि वेग ३० च्या आसपास धरायचा. ब्रेक थोडा दाबून सोडायचा, दाबूनच ठेवला तर तापून निकामी होतो. कुत्र्याला गाडी लागते ती इथेच. झोक्याने वळणं घेण्यापेक्षा वळणाआधी वेग उतरवून वळण सरळ काढलं की क्रेटमधला कुत्रा पाय रोवून उभा राहण्याऐवजी आडवा झोपतो. क्रेटच्या तळाला रबरी मॅट आणि वर जुनी गोधडी घालावी, नुसत्या प्लास्टिकच्या ट्रेवर पंजे घसरतात.

छिंदवाड्याला दुपारी पोचणं होतं. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० चा वेग आणि दर दीड तासाला थांबा धरला की एवढाच वेळ लागतो. मुक्कामाआधी शहरातल्या सरकारी पशुचिकित्सालयाचा पत्ता आणि वेळ विचारून ठेवावी, कारण पुढे डोंगरात ती सोय विरळ होत जाते.

दिवस दुसरा: छिंदवाडा ते तामिया

अंतर साठ किलोमीटरच्या आत. परासियाच्या कोळसापट्ट्यात ट्रक बरेच, धूळही तेवढीच. काचा बंद, एसीचं वारं आतल्याआत फिरतं ठेवायचं. दोन तासांत तामिया.

पचमढीऐवजी तामिया का, हे सांगायला हवं. पचमढीच्या भोवती सातपुडा व्याघ्र प्रकल्प आहे आणि वनहद्दीतल्या ठिकाणी कुत्रा नेता येत नाही. हा नियम उगाच जाचक वाटून घेऊ नये. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले तेव्हा त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता, आणि हा विषाणू पाळीव व भटक्या कुत्र्यांत वावरतो. लस घेतलेल्या कुत्र्याकडून धोका कमी, पण गेटवरच्या माणसाने तो कसा ओळखायचा? पेंचकडेही हीच गोष्ट. त्यामुळे मुक्काम तामियात, वस्तीला लागून, मालकाची परवानगी घेतलेल्या खासगी आवारात.

ट्रेलर उभा करताना पुन्हा क्रम. चाकांना ओट, मग गाडीपासून सुटका, मग जॉकी व्हीलने समतल, मग चारही कोपऱ्यांचे जॅक खाली. जॅक टेकेपर्यंत कुत्रा आत जाऊ द्यायचा नाही. एका अॅक्सलचा सुटा ट्रेलर मागे वजन पडलं की शेपटीवर बसतो, आणि लॅब्राडोर तर धावत थेट मागच्या गादीवरच उडी मारतो. पायरी उघड्या फळ्यांची असेल तर फटीत पाय अडकून मोडतो, वर प्लायवूडचा तुकडा बांधून टाकावा. दाराच्या मच्छरजाळीचा खालचा अर्धा भाग कुत्रा पहिल्याच संध्याकाळी फाडतो, तिथे आतून वेल्डमेश लावलेली बरी.

दिवसा बाहेर बांधायचं तर ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्याला, तीन मीटरच्या प्लास्टिक चढवलेल्या तारेने, हार्नेसला अडकवून. चूल आणि छताचे दोर त्या घेराच्या बाहेर हवेत. गाडीला कधीच बांधायचं नाही. दूध आणायला निघालेला माणूस बांधलेला कुत्रा विसरतो, असे अपघात खरोखर होतात. अगदीच बांधावं लागलं तर गाडीची चावी त्या दोरीच्या हुकाला लटकवून ठेवावी.

संध्याकाळी फिरून आल्यावर अर्धा तास पंजांसाठी राखून ठेवा. डिसेंबरात कुसळी गवत वाळलेलं असतं. त्याचं कुसळ एकाच दिशेने पुढे सरकतं, बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरलं की आत आत जातं आणि आठवड्याने गळू होऊन दिसतं. बोटांमधले केस बारीक कापून न्यावेत. कुत्रा डोकं एका बाजूला कलवून कान झटकत असेल तर कापसाची काडी घालून शोधू नये, डॉक्टरांकडेच न्यावं. झुडपांत याच दिवसांत खाजकुहिलीच्या शेंगा पिकतात. लव लागली तर पाण्याने चोळण्याआधी चिकटपट्टी लावून ओढून काढावी, चोळल्याने ती पसरते.

रात्री कुत्रे आत, दार लावून. सातपुड्यात बिबट्या आहे आणि वस्तीजवळ त्याचं सोपं भक्ष्य म्हणजे बांधलेला कुत्रा. अंगणातला दिवा त्याला अडवत नाही. शेजारच्यांचा कुत्रा बाहेर झोपतो म्हणून आपलाही झोपेल, हा हिशेब धरू नये. त्यांच्या कुत्र्याला निसटायची वाट ठाऊक असते, आपला तर तारेला अडकलेला असतो.

आता आतला धोका. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तळाशी साचतो, आणि कुत्रा तळाशीच झोपतो. गॅसचा अलार्म म्हणूनच जमिनीपासून वीतभर उंचीवर लावायचा, आणि झोपण्याआधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत घेतली तर त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि घरच्या सगळ्यांनाच घेऊन जातो. उबेसाठी कुत्र्याला जमिनीपासून वीतभर उंच बाज आणि वर घोंगडी पुरते. गावठीचे केस आखूड असतात, तिला रात्री स्वेटर चालतो. क्रेटमध्ये मात्र हार्नेस आणि पट्टाही काढून ठेवावा, जाळीत अडकला तर फास बसतो.

दिवस तिसरा: पातालकोट, आणि पचमढी पाळीने

सकाळी पातालकोटच्या कड्यावर. खालच्या दरीत भारिया समाजाची गावं आहेत, त्यांच्या शेळ्या आणि कोंबड्या मोकळ्या असतात. कुत्रे वरच, दोन मीटरच्या पट्ट्यावर. ओढून घेतलं की लांबणारा पट्टा कड्याजवळ वापरू नये.

पचमढी इथून सुमारे ऐंशी किलोमीटर. ज्यांना जायचं ते टॅक्सीने जातात, निदान दोन मोठी माणसं कुत्र्यांपाशी राहतात. एकट्या माणसावर दोन कुत्रे सोडू नयेत. एकाला काही झालं तर दुसऱ्याला कोण धरणार?

दिवस चौथा: परत

परतीला चढाचे उतार होतात, म्हणून सिल्लेवानी घाट सकाळी, ट्रकांची रांग लागण्याआधी उतरून टाकावा. कचरा आणि कुत्र्यांची विष्ठा पिशवीत भरून सोबत आणायची.

घरी आल्यावर कानाच्या पाळीत, बगलेत आणि बोटांमध्ये गोचीड शोधावी. सापडली तर चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढायची, तेल किंवा काडीचा चटका नको. पुढचे तीन आठवडे लक्ष ठेवायचं. ताप, खाणं सोडणं, हिरड्या पांढरट, लघवी गडद तांबडी यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं. एर्लिशिया आणि बॅबेसिया हे दोन्ही रक्तातले आजार गोचिडीने पसरतात आणि लक्षणं उशिरा दाखवतात. तेव्हा डॉक्टरांना पहिलंच वाक्य सांगावं ते, अमुक तारखेला सातपुड्यात जाऊन आलो, हे.